आबांचा पुतळा आणि दोन अर्धगोल बाक

माझे वडील धुळ्यात माझ्या घरासमोरच्या बागेत वारले, तेव्हा ते स्वतः साक्रीच्या स्टँडवर एस.टी.च्या खिडकीशी बसून शेंगदाणे खात होते.

या घोळात दोष कुणाचा, असं आमच्या घरात अजूनही अधूनमधून विचारलं जातं, आणि विचारणारा माझ्याकडे बघूनच विचारतो. ते बरोबरच आहे. बाग माझी, डिझाइन माझं, पुतळ्याची कल्पना माझी. मिशीसुद्धा माझीच! (मिशीचं पुढे येईल.)

मी तेव्हा एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होतो. धरणाच्या भिंतीपासून चौकीदाराच्या खोलीपर्यंत सगळ्याचे नकाशे मी काढायचो. देवपूरच्या पुढे नवी कॉलनी होत होती, तिथे मी घर बांधलं, त्याचाही नकाशा मीच काढला. घर झालं, वास्तुशांत झाली, सोफासेट आला, शोभाने म्हणजे माझ्या बायकोने त्यावर क्रोशाची कव्हरं घातली. एकच गोष्ट जमत नव्हती. आबा घरात राहत नव्हते.

आबा पिंपळनेरजवळच्या आमच्या गावी एकटे राहायचे. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. घरात आबा, गोठ्यात बैलजोडी आणि कोनाड्यात रेडिओ, एवढाच संसार उरला होता. महिन्या-दोन महिन्यांनी ते धुळ्याला यायचे, बियाणं बघायला नाहीतर चष्म्याचा नंबर काढायला. दुपारी आमच्याकडे जेवायचे आणि चारच्या गाडीने परत.

"आबा, आजची रात्र राहा ना."

"ढोरेस्ले पानी पाजनं शे."

ढोरांना पाणी शेजारचा सालदार गडी पाजायचा, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे, हे आबांना माहीत होतं. तरी दर खेपेला ढोरं तहानलेलीच असायची.

शेवटी एकदा शोभाने त्यांना सरळच विचारलं, "आबा, आमचं काही चुकतं का?"

आबांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "नई व माय. घर चांगलं शे. पन बसाले जागा नई शे."

पाच माणसांचा सोफा घरात असताना हे वाक्य! शोभाला फार लागलं. तिने दोन दिवस सोफ्याची कव्हरं धुतली. मलाही आधी राग आला, पण मग मी विचार केला (ड्राफ्ट्समन लोक कधीकधी करतात). आबा गावाकडे कुठे बसतात? दारासमोरच्या ओट्यावर. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण "रामराम आबा" म्हणतो, अर्ध्या जणांना आबा बसवून घेतात. आणि माझ्याकडे काय? फाटकाला कडी, दाराला कडी, चपला बाहेर, आणि आत सोफ्याच्या कडेवर आबा अवघडून बसलेले, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसतात तसे. त्यांना बोलायला माणूस लागत होतं आणि माणसं रस्त्यावर होती.

म्हणजे आबांसाठी घरासमोर बसायची जागा करायची, एवढाच प्रश्न होता. शहाण्या माणसाने गावाकडून आबांची बाज आणून दारासमोर टाकली असती आणि विषय संपवला असता. पण मी शहाणा नव्हतो, ड्राफ्ट्समन होतो. मी ट्रेसिंग पेपर आणला.

घरासमोरची जागा तीस बाय अठरा फुटांची. मी महिनाभर रात्रंदिवस खपून तिचा नकाशा केला. मध्ये चौथरा, चौथऱ्यावर शिल्प, शिल्पाकडे तोंड करून सिमेंटचे दोन अर्धगोल बाक, एकेकावर सात माणसं ऐसपैस. भोवती तगर, मोगरा, जास्वंद. फाटक कायम उघडं. नकाशावर मी सुंदर अक्षरात लिहिलं, 'स्वागत-उद्यान'.

शोभाने नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला.

"कढीपत्ता कुठे आहे?"

"ही शोभेची बाग आहे."

"मग शोभाच विचारतेय, कढीपत्ता कुठे आहे?"

कढीपत्ता कोपऱ्यात घातला. पुढचा वाद शिल्पाचा. मला एका मासिकात पाहिलेली घागर ओतणारी बाई हवी होती. शोभा म्हणाली, दिवसभर दारात उभी राहणारी बाई आपल्याला नको, मग तिच्या हातात घागर असो की काही असो. मी हंस सुचवला. ती म्हणाली, कॉलनीतली पोरं त्याच्यावर बसतील आणि मान मोडतील. आणि त्या रात्री मला ती थोर कल्पना सुचली, की पुतळा आबांचाच करावा! आबांना इथे आपलं वाटायला हवं ना? मग माणसाला स्वतःपेक्षा आपलं आणखी काय वाटणार?

"जिवंत माणसाचा पुतळा कोणी करतं का?" शोभा म्हणाली.

"तोच तर मान आहे. मेल्यावर कोणीही करेल."

यावर तिने दिवा घालवला आणि कूस बदलली.

साक्री रोडला नथ्थू मिस्त्रींचं आवार होतं. सिमेंटचे अर्धपुतळे करण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. आवारात दोन्ही बाजूंना रांगेने सरपंच, चेअरमन, संस्थापक, सगळे छातीपर्यंत. मी आबांचा फोटो पुढे केला. मिस्त्रींनी तो आदराने कपाळाला लावला.

"कवय गयात?"

"गेले नाहीत. जिवंत आहेत."

मिस्त्रींनी हातातली थापी खाली ठेवली. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मंग घाई कसानी शे?"

त्यांना समजावता समजावता माझी दुपार गेली. त्यांच्या तीस वर्षांच्या धंद्यात जिवंत माणसाची ही पहिलीच ऑर्डर होती आणि जुने हात नव्या गोष्टी पटकन शिकत नाहीत. पुतळ्याखाली बसवायची संगमरवरी पाटी तयार झाली तेव्हा मी पाहायला गेलो. वर आबांचं नाव, खाली जन्मतारीख, तिच्यापुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा.

"मिस्त्री, ही जागा कशासाठी?"

"दुसरी तारीख नंतर टाकसू. पाटी तीच ऱ्हाई. तुमना डबल खर्च कसाले?"

इतका प्रामाणिक कारागीर मी पाहिला नाही. पाटी बदलायला वेळ नव्हता, कारण मी आबांना पत्र टाकलं होतं: येत्या रविवारी सकाळच्या गाडीने या, तुमच्या हातून एक उद्घाटन आहे. कशाचं, ते लिहिलं नव्हतं.

रविवारी पहाटे टेम्पोतून पुतळा आला. चौघांनी धरून चौथऱ्यावर चढवला आणि त्यावर पांढरं धोतर टाकलं. आबांनी दोरी ओढायची, धोतर खाली पडायचं, असा बेत होता. मिस्त्री शेवटचा हात मारायला थांबले आणि मी तयारीला न्हाणीघरात गेलो.

तिथे मिशी गेली. उद्घाटन आहे म्हणून मी मिशीची टोकं सारखी करायला घेतली. उजवी बाजू किंचित जास्त उडाली. ती जुळवायला डावी उडवली, तर डावी जास्त गेली. स्केलवर काम करणाऱ्या माणसाला एक बाजू लहान सहन होत नाही. पाव तासाने दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या, म्हणजे दोन्ही नव्हत्याच. आमच्याकडे मिशी आई-बाप गेल्यावरच उतरवतात, हे मला माहीत होतं. पण आरशासमोर फक्त एवढंच वाटलं की चेहरा तरुण दिसतोय.

तेवढ्यात बाहेर मिस्त्रींनी शेवटचा हात मारायला धोतर काढलं. हात मारून झाल्यावर त्यांनी आपल्या धंद्याची रीत पाळली. पुतळा बसला की पहिला हार मिस्त्रीचा, आणि दोन उदबत्त्या. हार घालून, उदबत्त्या लावून, हात जोडून ते चौथऱ्याच्या पायरीवर गुडघ्यांत मान घालून बसले. पहाटेपासून पोटात काही नव्हतं, दुसरं काय करणार!

हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं आमच्या शेजारच्या भंवरलालशेठनी. शेठचं कापडाचं दुकान होतं, माणूस अतिशय मायाळू. मी बाहेर आलो तर ते फाटकात उभे, अनवाणी. माझ्या तोंडाकडे, नेमकं मिशीच्या जागेकडे त्यांनी पाहिलं आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"सुरेसभाई, काल संध्याकाळपर्यंत तर काहीच नव्हतं."

"हो ना," मी उत्साहात म्हणालो, "पहाटेच टेम्पोतून आणलं."

"टेम्पोतून?" शेठचे डोळे भरले.

"चार माणसं लागली उचलायला."

शेठनी माझा हात सोडला. बाकावर जाऊन खाली मान घालून बसले. मला वाटलं, हा कलेचा परिणाम!

पाच मिनिटांनी ते उठून काहीही न बोलता गेले, आणि मग एकेक करत कॉलनी येऊ लागली. येत, फाटकातच चपला काढत, पुतळ्याला हात जोडत आणि बाकावर बसत. कोणी बोलत नव्हतं. मी चहा विचारला तर "आज नको" म्हणत. जाताना "येतो" न म्हणता जात. आता हे वाचणाऱ्या कुठल्याही खानदेशी माणसाला एव्हाना कळलं असेल. आमच्याकडे कोणाघरी मयत झालं की लोक घरात शिरत नाहीत, दारावर येतात. रामराम करायचा नाही, चहा घ्यायचा नाही, बाहेरच मान घालून थोडा वेळ बसायचं आणि न सांगता निघायचं. मी स्वतः शेकडो दारांवर असा बसलेलो आहे. पण स्वतःच्या दारावर लोक बसलेले पाहून मला एवढंच वाटलं की बाकांचा उतार बरोबर साधलाय, माणूस बसला की आपोआप शांत होतो.

शेठाणी पितळी डबा घेऊन आल्या, पिठलं आणि भाकरी. आमचा गॅस आदल्या दिवशीच संपला होता आणि शोभा मागच्या अंगणात रॉकेलच्या स्टोव्हशी झगडत होती. धुराने तिचे डोळे लाल झाले होते.

"आज चूल नको पेटवू बेटी," शेठाणी म्हणाल्या.

"किती हो कळतं तुम्हाला," शोभा म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. झालं. बायकांत जो काही संशय उरला होता तो त्या पदराने पुसला गेला.

अकरा वाजता दोन्ही बाक भरून माणसं सतरंजीवर आली. (सतरंजी कोणी आणली, कळलं नाही.) मी दोन्ही बाकांच्या मधून कृतार्थपणे फिरत होतो. आपल्या खात्याने आजवर मला ओळखलं नाही, असंही मनात येऊन गेलं. तेवढ्यात खात्यातले मोठे साहेबच जीपमधून उतरले! त्यांच्या हातात हार होता. त्यांनी तो पुतळ्याला घातला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "देवरे, रजेची काळजी करू नका. दहावं गावी करणार की इथेच?"

एका क्षणात मला सगळं दिसलं: हार, उदबत्त्या, पांढरी तगर, पिठलं, अनवाणी माणसं. मी मिशीच्या जागी हात नेला. तिथेही पुरावा होता.

"साहेब," मी ओरडलो, "आबा जिवंत आहेत!"

सगळ्यांनी माना वर करून माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

"हो हो," साहेब म्हणाले, "आहेतच. आपल्या सगळ्यांच्या मनात आहेत."

"मनात नाही, एस.टी.त आहेत!"

"धक्का बसलाय," मागून कोणीतरी म्हणालं. "रडू आलं नाही ना, की असं होतं."

मला धरून बाकावर बसवलं. डोक्यावर पाणी थापलं. मी मिस्त्रींकडे पाहिलं, निदान ते तरी साक्ष देतील. मिस्त्री म्हणाले, "माले बी त्या तसंच सांगत व्हतात, जित्ता शेत म्हनीसन." आणि तेही माझ्याकडे दयेने पाहू लागले. शोभा बाहेर आली, "अहो, खरंच जिवंत आहेत" म्हणाली, तर चार बायकांनी तिलाही धरून बसवलं. नवरा-बायको दोघांवर एकदम परिणाम झालाय, असं ठरलं.

याच्यावर कडी करायला फाटकाशी जीप थांबली आणि तिच्यातून माझी मोठी बहीण सुमनअक्का उतरली. ती नरडाण्याला असते. मायाळू शेठनी दुकानातून भावजींच्या कारखान्यात फोन लावून निरोप दिला होता. अक्काने पुतळा पाहिला आणि चौथऱ्याला मिठी मारून जो हंबरडा फोडला, तो ऐकून शेठाणीही पदराने डोळे पुसू लागल्या.

"अक्का, ऐक, आबांना काही झालेलं नाही."

"माले शेवटलं तोंड बी दाखाडं नई तू! कोठे शेत मन्हा आबा?"

"एस.टी.त!"

"एस.टी.मा गयात?" अक्का म्हणाली आणि दुप्पट आवाजाने रडायला लागली.

आता यापुढचं मला आबांनी नंतर सांगितलं, म्हणून माहीत. साडेबाराला आबा स्टँडवरून चालत कॉलनीत आले, हातात वांग्यांची पिशवी. पाहतात तर मुलाच्या दारावर ही गर्दी. मुलगी रडतेय, सून बायकांच्या गराड्यात, मुलाची मिशी उतरलेली. आबांना काही ताळा जुळेना. मिशी उतरवली म्हणजे आई नाहीतर बाप. आई पाच वर्षांपूर्वी गेलेली, आणि बाप तर इथे वांगी घेऊन उभा! पण रीत ती रीत. दारावर गेल्यावर आधी बोलायचं नसतं. आबांनी चपला काढल्या, आवाज न करता आत आले आणि बाकाच्या टोकाला जागा होती तिथे खाली मान घालून बसले. सगळ्यांच्याच माना खाली, त्यामुळे कोणी पाहिलं नाही. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी शेजारच्या पेन्शनर गृहस्थांना हळूच विचारलं, "कोन गयं?"

"देवरेंचे वडील," ते पुटपुटले.

आबांनी मान हलवली. नंतर ते म्हणायचे, "मी बी मनमा सांगं, भला मानूस व्हता."

इकडे अक्का माझ्यापुढे उभी राहून विचारत होती, "त्या जित्ता शेत त मंग हाई बठ्ठं कसाले करं तू? पुतळा कसाले? हाऊ बाक कसाले?"

आणि काय झालं कोणास ठाऊक, सकाळपासून जे रडू येत नव्हतं ते मला आलं. चाळिशीचा घोडा मी, साहेबांसमोर, डोक्यावरून पाणी ओघळत असताना रडलो.

"त्यांनी एक रात्र तरी राहावं म्हणून," मी म्हणालो. "तीन वर्षं झाली घराला. दर वेळी चारची गाडी. आई गेल्यापासून ते तिकडे एकटे भाकरी खातात आणि मला इकडे घास उतरत नाही. ते म्हणाले, तुझ्या घरी बसायला जागा नाही. म्हणून जागा केली, दुसरं काय करणार मी? मला नकाशेच काढता येतात."

तेवढ्यात बाकाच्या टोकावरून आवाज आला.

"सुऱ्या, एवढंच व्हतं त माले सांगं कसं नई रे?"

शेजारचे पेन्शनर गृहस्थ बसल्या जागेवरून जास्वंदीत गेले. शेठाणींच्या हातून पाण्याचा तांब्या पडला. शेठनी डोळे मिटून हात जोडले. अक्का धावत गेली, आधी तिने आबांच्या छातीवर दोन बुक्क्या मारल्या आणि मग त्याच छातीवर डोकं ठेवून रडली. आबा एका हाताने तिला थोपटत होते आणि दुसऱ्या हाताने मला जवळ बोलावत होते. मी गेलो. त्यांनी माझ्या ओठावरून बोट फिरवलं.

"हाई काय करं?"

"सारखी करत होतो."

"चांगली सारखी व्हयनी," आबा म्हणाले.

मग सगळे एकदम बोलायला लागले आणि चहाला कोणीच नाही म्हणेना. शेठच्या घरचं मोठं पातेलं आलं. भाकऱ्या सगळ्यांनी वाटून खाल्ल्या. आबांच्या मयताचं पिठलं आबांनी दोनदा वाढून घेतलं. साहेबांनी आपला हार पुतळ्यावरून काढून आबांना घातला. हार घालून आबा पुतळ्यासमोर उभे राहिले आणि बराच वेळ निरखत राहिले.

"हाऊ कोन शे?"

"तुम्हीच, आबा."

"मंग मी कोन शे?"

मिस्त्री भाकरी हातात घेऊन पुढे आले. फोटो लहान होता, ते म्हणाले. आबांनी चष्मा लावून पाटी वाचली आणि रेघेपुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"आठे काय?"

मी डोळे मिटून घेतले. मिस्त्री सरळपणे म्हणाले, "आठे तुमनी दुसरी तारीख टाकनी शे, आबा. तुमले सवड व्हई तवय."

आबा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग चष्मा काढून डोळे पुसायची वेळ आली. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बाग पार वाया गेली नाही.

साडेतीन वाजले. लोक पांगले. (या वेळी "येतो" म्हणून.) आबांनी टोपी घातली, चपला पायात सरकवल्या आणि फाटकाकडे निघाले. शोभाने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड उतरलं. ढोरं तहानलेलीच होती तर!

फाटकात आबा वळले. "शेठनं घर हाईच का?"

"हो. का?"

"का म्हंजे? एवढा लोके मन्हा दारवर उनात. तेस्ना दारवर माले जानं पडी का नई?"

आबांचं म्हणणं रीतीला धरून होतं. आपल्या दारावर जो येतो त्याच्या दारी आपण जायचं असतं. आजवर ज्याच्यासाठी लोक आले त्याला स्वतःला ते फेडायला कधी जमलं नव्हतं, एवढंच. आबांना जमणार होतं, आणि त्यांनी एकही घर सोडलं नाही. दारात उभं राहून सांगायचे, "गया रविवारे मरेल मानूस तो मीच." मग आत बोलावणं, चहा, पोहे, दोन-दोन तास गप्पा. दिवसाला तीन घरांपेक्षा जास्त होईनात. चारची गाडी त्या दिवशी गेली, दुसऱ्या दिवशीही गेली. बाराव्या दिवशी आबा कॉलनी पुरी करून आले, तेव्हा कोणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलंय आणि कोणाच्या विहिरीचं पाणी कधी आटतं, हे सगळं त्यांना पाठ होतं. तीन वर्षांत मला शेठशिवाय एक नाव धड ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवसांनी त्यांनी गावी निरोप पाठवला. बैलजोडी सालदाराकडेच राहिली आणि एस.टी.च्या टपावरून आबांची बाज आली.

बाज त्यांनी बरोबर दोन बाकांच्या मध्ये, फाटकाकडे तोंड करून टाकली. माझ्या अर्धगोल बाकांवर ते एकदाही बसले नाहीत. "थंड लागतस," म्हणाले. बाकांवर शोभा बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालू लागली आणि पुतळ्याच्या खांद्यावर आबा आंघोळीनंतर आपला पंचा टाकू लागले. त्याला पंचा चांगला बसायचा. फाटक मात्र नकाशात होतं तसंच कायम उघडं राहिलं, कारण दिवसभर कोणी ना कोणी "रामराम आबा" करत आत यायचंच. संध्याकाळी मी ऑफिसातून येई तेव्हा बाजेवर आबा आणि पाच-सहा जण. त्यात बहुतेकदा शेठ, कधी मिस्त्री, आणि एकदा तर आमचे साहेब! मी बिबडे बाजूला सारून बाकाच्या टोकाला बसायचो.

दोन वर्षांनी आमच्या भागात नवा पोस्टमन आला. मी त्या दिवशी रजेवर होतो आणि पेपर वाचत बाकावर बसलो होतो. त्याने सायकल लावली, आबांना रामराम केला, बाजेवर टेकला, पाणी प्यायला आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे कोण, आबा?"

"हाऊ? मन्हा पोऱ्या शे," आबा म्हणाले. "मन्हाकडेच ऱ्हास."

मी पोस्टमनला रामराम केला. पाकीट माझ्याच नावाचं होतं, पण मागायला जीभ रेटेना.